मधला स्पीकर

माझ्या आत्याच्या घरी पाच स्पीकर होते आणि ते पाचही एकाच काचेच्या कपाटात, एका ओळीत, उंचीप्रमाणे लावलेले होते. शाळेच्या फोटोत पोरं उभी करतात तसे. सहावा, म्हणजे ज्यातून नुसती धडधड येते तो मोठा खोका, कपाटाच्या वर चढवलेला होता. खाली ठेवला तर पाहुण्यांच्या नजरेत येत नाही, असं आत्याच्या यजमानांचं म्हणणं. सगळ्यांवरचं प्लास्टिक तसंच होतं आणि त्या प्लास्टिकवर कुंकवाची स्वस्तिकं काढलेली होती. दिल्लीहून आणलेलं ते होम थिएटर पाहायला त्यांनी सगळ्या नातलगांना बोलावलं होतं. पाहायला, असाच शब्द त्यांनी वापरला होता आणि तो अगदी बरोबर होता.

आत्याच्या नवऱ्याला मराठीत आतोबा म्हणतात हे मला फार उशिरा, एका पुस्तकात वाचून कळलं. ग्वाल्हेरात आम्ही सगळे त्यांना फूफाजीच म्हणायचो, आणि इथे फूफाजी हे नातं कमी आणि पद जास्त. लग्नात रुसावं, ताटात खोट काढावी आणि सासुरवाडीच्या प्रत्येक निर्णयात पाय घालावा, हे त्या पदाचे अधिकार. आमच्या फूफाजींनी ते कसून वापरले. पाटणकर बाजारात त्यांचं टाइल्स आणि संडास-बाथरूमच्या सामानाचं दुकान होतं, फूलबागेच्या बाजूला घर होतं, आणि बैठकीत एक तलवार टांगलेली होती. ती त्यांच्या खापरपणजोबांनी एका लढाईत चालवली होती. लढाई कोणती, ते दर वेळी बदलायचं. त्या खापरपणजोबांच्या नावानं त्यांनी मिशी राखली होती, दोन्ही ओठांवर पडद्यासारखी येणारी. चहा आधी मिशी प्यायची, मग ते. मिशीबद्दल एवढं लिहिते आहे, कारण पुढच्या साऱ्या प्रकारात तिचा वाटा मोठा आहे.

माझे बाबा कापडगिरणीत विणकर होते. मागांच्या खात्यात एवढा आवाज असतो की तिथे माणसं कानांनी ऐकतच नाहीत. समोरच्याच्या ओठांकडे बघून समजून घेतात. गिरणी बंद पडली तेव्हा बाबांना कामावरून घरी आणण्यासारख्या दोनच गोष्टी उरल्या होत्या: निवडलेल्या सुताची पारख आणि बहिरेपण. पुढे ते अंगणात बसून लोकांच्या खाटांना निवारीच्या पट्ट्या विणून द्यायचे. गिरणीच्या लाइनीतल्या आमच्या दोन खोल्यांत एक नियम होता. बाबांशी बोलायचं तर समोर यायचं, उजेडात, आणि ओठ नीट हलवायचे. आई चिडली की त्यांची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवायची आणि मग बोलायची, त्यामुळे आमच्याकडची भांडणं शेजाऱ्यांना प्रेमासारखी दिसायची. शिबिरातून मिळालेलं कानाचं यंत्र होतं, पण ते शिट्ट्या मारायचं आणि आईनं डाव पातेल्यावर आपटला की बाबा दचकून उभे राहायचे. एक दिवस त्यांनी ते काढून ठेवलं ते ठेवलंच.

फूफाजींचे ओठ मात्र दिसायचेच नाहीत. त्यांचं बोलणं बाबांच्या दृष्टीनं म्हणजे हलणारे केस. आणि घरच्या जावयाला “काय म्हणालात?” असं दोनदा विचारणं बाबांच्या रीतीत बसत नव्हतं. म्हणून ते हसायचे आणि मान हलवायचे. फूफाजींना ही सोय फार लवकर उमगली. ते आमच्याकडे यायचे, बाबांच्या समोर बसून काहीतरी पुटपुटायचे, बाबा मान हलवायचे, आणि फूफाजी मोठ्यानं आईला सांगायचे, “साले साहब हो म्हणाले.” अशाच एका होकारानंतर त्यांच्या दुकानातल्या कमोडचे खोके आमच्या अंगणात येऊन पडले आणि कितीतरी दिवस हललेच नाहीत. आईनं बाबांची हनुवटी धरून विचारलं, “हो का म्हणालात तुम्ही?” बाबा म्हणाले, “मला वाटलं, चहा घेतला का विचारतायत.”

तर ते होम थिएटर. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. मुरारच्या सरकारी शाळेतून हिंदीत शिकून आलेली मुलगी, इंग्रजी पुस्तक बोट ठेवून वाचणारी, पण वाचलेलं खरं मानणारी. मागचे दोन स्पीकर मागे ठेवायचे असतात हे मी वाचलं होतं, आणि माझ्या भाबडेपणात मला वाटलं की फूफाजींना ते सांगितलं तर त्यांना आनंद होईल.

“फूफाजी, हे दोन ना, सोफ्याच्या मागे लावायला पाहिजेत.”

“मागे?” त्यांनी सगळ्या बैठकीकडे बघितलं. “अरे बिटिया, पीछे रख देंगे तो दिखेंगे कैसे?”

सगळे हसले. आत्याही हसली, नवऱ्याचं तोंड बघून. मग नारळ फुटला, सिनेमा सुरू झाला आणि ज्याला ग्वाल्हेरात चांगला आवाज म्हणतात तो सुरू झाला. आमच्याकडे चांगला आवाज म्हणजे छातीवर बसणारा. काचेचं कपाट थरथरत होतं, आतले कप किणकिणत होते, पडद्यावरची माणसं तोंडं हलवत होती आणि त्यांचं एक अक्षर कोणाला कळत नव्हतं. नातलग माना डोलावत होते. “क्या साउंड है!” म्हणत होते. बाबा कोपऱ्यात बसले होते, आणि मी प्रथमच पाहिलं की त्या दिवशी त्या खोलीत सगळेच बाबांइतके बहिरे होते. फरक एवढाच, की बाबांना ते ठाऊक होतं.

मग कपाटावरचा तो खोका स्वतःच्याच धक्क्यानं सरकत सरकत कडेला आला आणि फूफाजींनी त्याला सावरताना मागच्या वायरी उपटल्या. धडधड थांबली. डावा-उजवाही गेला. एकटा मधला स्पीकर तेवढा चालू राहिला, ज्यातून फक्त बोलणं येतं. फूफाजी कपाटाच्या मागे डोकं घालून “इसकी तो!” करत होते, नातलग आपसात बोलत होते, आणि पडद्यावर एक नोकर मालकाला काहीतरी उलट बोलला. बाबा हसले. त्या वेळी नोकराची पाठ आमच्याकडे होती. त्याचे ओठ दिसत नव्हते. बाबा योग्य जागी, खदखदून हसले. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. तेवढ्यात वायरी लागल्या, खोका पुन्हा धडधडू लागला आणि बाबांचा चेहरा नेहमीसारखा, सभ्य आणि बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी प्रॅक्टिकलच्या मॅडमना विचारलं. या बाईंचे उपकार मी आयुष्यभर मानत आले. त्या मला हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं की मागांच्या आवाजानं कानाची बारीक आवाज टिपायची शक्ती जाते, स, त, क, प ही अक्षरं जातात, आणि जाड आवाजानं उरलंसुरलंही झाकलं जातं. म्हणजे बाबांना मोठा आवाज नको होता. त्यांना बोलणं वेगळं काढून, बारीक सूर वाढवून, समोरून द्यायला हवं होतं. ते काम मधला स्पीकर करतो. आणि तो करायला दिल्लीला जावं लागत नाही.

शिकवण्या घेऊन जे जमायचं त्यातून मी ते जमवत गेले. एका रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानातून जोडून ठेवलेला पण गिऱ्हाइकानं न नेलेला ॲम्प्लिफायर मिळाला. आमच्याकडच्या अशा प्रत्येक ॲम्प्लिफायरला माइकची जागा असतेच, कारण इथे माणूस आवाजाची वस्तू घेतो ती स्वतः गाण्यासाठी. भंगारातून जुन्या टीव्हींचे स्पीकर आणले. मागच्या दोघांना कुंभाराकडचे छोटे माठ बसवले. मधल्यासाठी बाबांनी स्वतः फळ्या कापून खोकं केलं, आणि आईनं एक उशी उसवून त्यातला कापूस आत भरला. उशी उसवताना ती म्हणाली, “हे फुटलं तर तुला या कापसावर झोपवीन.” स्वयंपाकघरातच मी वायरींना सोल्डरचे डाग द्यायला बसायचे. एकीकडे कढईत भजी, एकीकडे राळेचा धूर. त्या काळातली भजी मला अजून किंचित राळेच्या चवीची आठवतात आणि तशी पुन्हा कुठे मिळाली नाहीत. आता मी मुलांना हाच विषय शिकवते. त्यांच्या घरी भिंतीएवढे टीव्ही आहेत आणि खाली एक लांबट दांडी, जी म्हणे चारी बाजूंनी आवाज देते. मी विचारते, संवाद ऐकू येतात का? म्हणतात, मॅडम, आम्ही खाली अक्षरं लावून बघतो. कौतुक आहे.

धडधड करणारा खोका मी जोडलाच नाही. पहिल्या संध्याकाळी बाबांना खुर्चीवर बसवलं, बातम्या लावल्या, आणि मधल्या स्पीकरचा बारीक सूर हळूहळू वाढवत गेले. आम्हाला तो कर्कश वाटायला लागला, आई कान झाकून “अगं, सुपात पाखडल्यासारखं वाटतंय” म्हणाली, आणि त्याच ठिकाणी बाबांनी हात वर केला. थांब. मग ते मान जरा तिरकी करून ऐकत राहिले. बातमी देणारी बाई भिंडच्या बाजूला मोहरीच्या पिकाबद्दल काही सांगत होती. बाबा म्हणाले, “हिचा आवाज तर बारीक आहे. मला वाटायचं, जाड असेल.” एवढंच. पण त्यानंतर रोज संध्याकाळी ते खुर्ची स्वतः ओढून घ्यायचे, आणि जे ऐकलं ते रात्री जेवताना आम्हाला सांगायचे. आम्हीही तेच ऐकलेलं असायचं, पण आम्ही नवं असल्यासारखं ऐकायचो.

फूफाजी पाहायला आले. माठांभोवती फिरले, एकाला टिचकी मारली.

“वाह! पानी भी ठंडा करता है क्या?”

मग त्यांनी खऱ्या विषयाला हात घातला. त्यांच्या मोठ्या भावाचा मुलगा मुरेन्याला दुकान बघत होता. त्याच्यासाठी मी. उन्हाळ्यापासून ते सुचवत होते. मुलगा वाईट होता असं म्हणवत नाही. तो कसाही नव्हता. तो फूफाजींच्या हो ला हो म्हणायचा आणि अजून मिशी फुटायची होती, म्हणून तेवढा बरा दिसायचा. “बी.एस्सी. करून काय करणार ही? माठ जोडणार?” ते आईला म्हणाले. “मार्गशीर्षात उरकून टाकू. दुकानात कंप्यूटर आलाय, तो बघेल ही.” मी म्हटलं, माझं एक वर्ष राहिलंय. ते म्हणाले, “हम बड़ों से बात करेंगे, बिटिया.” बडे म्हणजे बाबा. बडे म्हणजे ती मान. आईनं त्या रात्री बाबांची हनुवटी धरून सगळं सांगितलं, पण बाबा म्हणाले, “ताईच्या घरचे आहेत. माझ्या पोरीचं वाईट का करतील? ते विचारतील तेव्हा मी सांगेन.” सांगतील कसे, जेव्हा विचारलेलंच कळणार नाही? आणि आमच्यात एकदा देवासमोर, चार नातलगांदेखत मान हलली की ती शब्द ठरते. मागे फिरलं तर आत्याला माहेर तुटतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला ते आले. आईनं पहाटेपासून पुरण घाटलं होतं, कटाची आमटी, सोळा भाज्यांची एक भाजी, आंबील, आणि घरभर वेलदोड्याचा वास. आरतीसाठी मी माइक जोडला होता. आईची हौस होती ती, आणि माइक मी मुद्दाम मधल्या स्पीकरला दिला होता, बाबांना आईचा आवाज ऐकू यावा म्हणून. आईनं पहिलं कडवं म्हटलं. बाबा आईकडे नव्हे, स्पीकरकडे बघत होते. दुसऱ्या कडव्याला फूफाजींनी माइक तिच्या हातातून घेतला. ते सूर सोडून, ताल सोडून, पण अत्यंत विश्वासानं गायले. आरती झाल्यावर त्यांनी माइकचं बटण बंद केलं, पण माइक काही सोडला नाही. माइक त्यांच्या हाताला शोभतो असं त्यांना वाटायचं. पाटावर बसतानाही तो डाव्या हातात, राजदंडासारखा.

पानं वाढली. फूफाजी बाबांकडे झुकले आणि मिशीतून म्हणाले, “तर साले साहब, मार्गशीर्षात रेखाचं नक्की करू. कॉलेज आता बस्स. ठीक आहे?”

बाबा हसले. मान हलली.

“लो!” फूफाजींनी मोठ्यानं सांगितलं. “देवीसमोर हो म्हणाले.”

“त्यांना ऐकू आलेलं नाही,” आई वाढता वाढता थांबली. “मी सांगते त्यांना, मग विचारा.”

“वहिनी, शुभ कामात अडथळा नको. सगळ्यांनी बघितलं.”

“फूफाजी, मला शिकायचंय,” मी म्हणाले. माझा आवाज फार लहान निघाला.

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते आत्याकडे वळले आणि समाधानात असलेल्या माणसाचा अंगठा जसा उगीच चाळा करतो तसा त्यांचा अंगठा माइकच्या बटणावरून पुढे-मागे फिरू लागला. ॲम्प्लिफायरवरचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला आणि लागलेलाच राहिला. ॲम्प्लिफायर माझ्या हाताशी होता. आवाजाची कळ मला बसल्या जागेवरून बंद करता आली असती. मी हात मागे घेतला.

“तू उगाच घाबरत होतीस,” फूफाजी आत्याला हळूच म्हणाले, आणि मधल्या स्पीकरनं ते स्वच्छ, स-त-क-प सकट, घरभर सांगितलं. “तुझा भाऊ म्हणजे नंदीबैल आहे. समोर बसून काहीही बोला, गुबूगुबू मान हलवतो. लड़की क्या, कल को घर लिखवा लो, तरी हलवेल.”

स्वतःचा आवाज एवढा मोठा कुठून येतोय हे कळायला त्यांना वेळ लागला. त्यांनी आधी छताकडे बघितलं. मग हातातल्या माइककडे. आत्यानं पदर तोंडाला लावला. आईच्या हातातली पोळी ताटाच्या वर तशीच राहिली.

बाबांनी घास खाली ठेवला. ते स्पीकरकडून फूफाजींकडे वळले आणि म्हणाले, “दाजी, परत सांगा. त्यातच बोला, त्यातच. मला ऐकू येतंय.”

“अरे, वो तो मजाक...”

“इतकी वर्षं तुम्ही माझ्याशी काय बोलता, मला ठाऊकच नव्हतं,” बाबा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज तसाही मोठा असतो, आणि गिरणीत घडलेला तो आवाज लाइनीच्या टोकापर्यंत जायचा. “मला वाटायचं, ख्यालीखुशाली विचारत असाल. मी तुमच्या घरी आलो की ताईला म्हणायचो, दाजी फार प्रेमानं बोलतात.”

फूफाजी थोडे सावरले. त्यांच्यासारखी माणसं सावरतातच. “बघा, बोलायला काही असो. होकार तर झालाय. सबके सामने मान हलवलीत.”

“मान हलते. सवय आहे. शब्द मी दिलेला नाही. मी माझे शब्द तोंडानं देतो.” बाबांनी पाणी घेऊन हात धुतला आणि महालक्ष्म्यांकडे तोंड केलं. “आता देतो. रेखा शिकेल. शिकून झालं की तिचं तिला विचारू.”

मला त्या क्षणी रडू आलं नाही. उलट इतका स्वच्छ तिरस्कार वाटला की त्यानं अंगात हलकं वाटू लागलं. हा माणूस, त्याची तलवार, त्याचं प्लास्टिक न काढलेलं यंत्र आणि त्याचा तो खापरपणजोबा, या सगळ्यांना मी इतके दिवस घाबरत होते याचंच मला नवल वाटलं. मी पुढे पदवी घेतली, नोकरी केली, पुष्कळ मोठ्या खुर्च्यांतली माणसं पाहिली. त्यातल्या निम्म्यांचा आवाज असाच उसन्या माइकमधून यायचा, आणि त्यांच्यासमोर मला कधी दबायला झालं नाही.

फूफाजी भरल्या पानावरून उठले. महालक्ष्म्यांच्या जेवणातून असं उठणं म्हणजे त्या घराला शाप, आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं. “चलो,” ते आत्याला म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

आत्या उठायला लागली. गुडघ्यावर हात ठेवला, अर्धी उठली, आणि बाबांकडे बघून पुन्हा खाली बसली.

“वहिनी,” ती म्हणाली, “पोळी वाढतेयस ना? का हातातच धरून ठेवणार?”

आईनं पोळी वाढली. वर तूप घातलं. आत्या खाली मान घालून, सावकाश, एकेक घास मोडून जेवू लागली. बाहेर स्कूटर सुरू झाली आणि फूफाजी हॉर्न वाजवू लागले. आधी एकदा, मग लागोपाठ, मग बोट तसंच दाबून धरून. बाबांना तो ऐकू येत नव्हता. ते आत्याच्या वाटीत आमटी वाढत होते. बाकी आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. कोणी उठलं नाही.